भाऊजींची फक्की

भाऊजी जाऊन दीड महिना झाला आणि घरातली फरशी अजून स्वच्छच आहे. ते होते तेव्हा कधी नसायची. नगररचना खात्यात होते ते. साहेब लोकांनी नकाशात काढलेली रेघ जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं मारायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी तशाच पांढऱ्या पायांनी थेट स्वयंपाकघरात. मी ओरडायचे, "भाऊजी, आत्ता पुसलंय!" तर म्हणायचे, "मी आखून दिलं वहिनी, बांधकाम तुमचं."

एकदा दवाखान्याजवळच्या मोकळ्या जागेला भिंत घालायचं ठरलं, आत गाड्या लावायला. मधून पायवाट होती. सासूबाई त्याच वाटेनं गुडघे दाखवायला जायच्या. भिंत झाली की मोठ्या रस्त्यानं वळसा, म्हणजे त्यांचं जाणंच बंद. भाऊजींनी खात्यातल्या नव्या मॅडमना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "नकाशात वाट नाहीये काका. शाश्वत विकास करायचाय आपल्याला."

घरी येऊन मला विचारतात, "शाश्वत म्हणजे काय हो?"

म्हटलं, "टिकणारं. सासूबाईंच्या रागासारखं."

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज.

मग भाऊजींनी भिंतीची रेघ मारली, एकदम सरळ. दुसऱ्या दिवशी बघतात तर वाटेवर तेवढी गायब. परत मारली, परत तेच. मॅडम चिडल्या, "इतक्या वर्षांनी साधी रेघ जमत नाही का?"

"मी मारतो मॅडम, लोक पुसतात. सकाळी आठला येऊन बघा की."

आल्या बाई. भाऊजींनी ताजी फक्की टाकली आणि दोघं कट्ट्यावर बसले. शाळेची पोरं गेली, नर्सबाई गेल्या, मग काठी टेकत सासूबाई. जाता जाता मॅडमना म्हणतात, "तूच का गं ती भिंतवाली?" अर्ध्या तासात रेघ साफ आणि पांढरी पावलं पार दवाखान्याच्या पायरीपर्यंत. मॅडम हसायलाच लागल्या.

नकाशा बदलला. वाट पक्की झाली, कडेला झाडं, दोन बाक. तिच्या कडाही भाऊजींनीच आखल्या.

शेवटी आजारी पडले तेव्हा त्याच वाटेनं माझा हात धरून जायचे, दोन्ही बाकांवर बसत बसत. म्हणायचे, "वळसा काही जमला नसता वहिनी."

परवा कुणीतरी वाटेत स्कूटर लावली. सासूबाईंनी काठी आपटली. "काढ आधी ती! माझ्या लेकानं आखलीय ही वाट."

काढली त्यानं. गुपचूप.