मावशीच्या घराची पुढची भिंत

माझ्या तोंडाला आवर नाही, हे वर्ध्याजवळच्या सेलूच्या आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. "हिचं तोंड म्हंजे उघडा नळ," असं आई म्हणते. मी ते आजवर कौतुक समजत आले. मावशीच्या अंगणात जे झालं, त्यानंतर मात्र नाही समजत.

मी पुण्यात फिल्मचं शिक्षण घेते. माझा विषय ध्वनी. पण दुसऱ्या वर्षाची शॉर्टफिल्म वर्ध्याकडे करायची ठरली, आणि मी तिकडची म्हणून लोकेशन शोधणंही माझ्याच गळ्यात पडलं. दिग्दर्शक आमच्याच वर्गातला, मुंबईत वाढलेला. गोष्ट अशी की एक म्हातारी शहरात गेलेल्या मुलाची वाट बघत बसते. ऐकूनच मला जांभई आली होती, पण मार्क सगळ्यांनाच मिळणार होते. दिग्दर्शकाला त्यासाठी "थकलेलं घर" हवं होतं. हा शब्द त्याचा. मला लगेच पवनारचं मावशीचं घर आठवलं, यातच माझी अक्कल दिसते.

मावशी आणि काका धाम नदीच्या काठाला भाजीपाला पिकवतात. वांगी, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटेच्या गाडीनं माल वर्ध्याला जातो. त्यांना एकच मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. डिसेंबरात मी लोकेशन बघायला म्हणून तिथे दोन दिवस राहिले. कानाला हेडफोन लावून अंगणात बसायचे आणि वहीत लिहायचे: नदीकडच्या शेतातली मोटर किती वाजता सुरू होते, हायवेचे ट्रक ऐकू येतात का, शेजारचा कुत्रा कधी भुंकतो. आणि भिंतीचे फोटो काढायचे. ती पुढची भिंत म्हणजे, बापा, काय सांगू! खालून ओल चढलेली, चुन्याचे पोपडे सुटलेले, आणि न्हाणीच्या चुलीपासून छपराच्या पत्र्यापर्यंत धुराचा काळा पट्टा.

पुण्यात फोटो दाखवले तर सगळे उड्याच मारायला लागले. "काय टेक्स्चर आहे!" "असं सेट लावूनही मिळणार नाही!" मी फुगले. जसं काही ती ओल मी स्वतःच्या हातांनी मुरवली होती.

मी मावशीला फोन केला. "मावशी, तुमचं घर सगळ्याइले लय आवडलं. सिनेमात घेऊन राह्यलो."

"आमच्या घरात काय हाये वो बाई आवडाजोगं?"

"साजरं हाये म्हणून तं घेतलं."

घर पडकं दिसतं म्हणून घेतलं, हे सांगायला तोंड उघडेना. एरवी बंद होत नाही ते. वाटलं, कशाला सांगायचं, आपलं काम झालं म्हणजे झालं.

आता माझी खरी चूक सांगते. ती पुण्या-मुंबईच्या माणसानं केली असती तर माफ होती. आमच्याकडे घरी कोणी येणार म्हटलं की बाई आधी भिंतीकडे बघते. सडा, सारवण, भिंतीला पोतारा, काही ना काही केल्याशिवाय तिला पाहुण्यासमोर उभंच राहता येत नाही. माझी आई एकदा तापानं फणफणली होती, डॉक्टर घरी तपासायला येणार होते, तर ही उठून ओसरी सारवून बसली. अशा घरात वाढलेली मी. मावशीला सांगते काय, तर तुझ्या घरी सिनेमावाले येणार आहेत, दीड महिन्यानं. आणि बिनघोर पुण्यात जाऊन बसते.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी वर्धा स्टेशनवरून आमची गाडी पवनारला आली. गाडी थांबली आणि मी खाली उतरले. भिंत खाली पोपटी, वर गुलाबी, मधे चॉकलेटी पट्टा. दार, चौकट, खिडकीचे गज, सगळं चकचकीत. धुराच्या पट्ट्याचा मागमूस नाही. अंगणात हातभर रांगोळी. मावशी ठेवणीतली साडी नेसून उभी, काका इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि बहिणीच्या हातात ओवाळायचं ताट.

"कालच हात पुरा झाला," मावशी म्हणाली. "आठ दिस झाले, तोडणी करून आलो का तिघं बी भिडून राह्यलो भिताडाले. अन् रविवारी जाम गावचे पाहुणे येऊन राह्यले हिले पाह्याले. पोरगा चांगला हाये. म्हटलं, एका रंगात दोन्ही कामं होते."

दिग्दर्शकानं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे ते घर नाही," तो म्हणाला. एवढंच, आणि हळू. पण सगळ्या वर्गासमोर म्हणाला आणि माझं डोकं सटकलं.

मी मावशीवर ओरडले. बहिणीच्या हातातलं ताट तसंच होतं, निरांजन पेटलेलं. "कोणं सांगतलं होतं रंगवाले? इचारता येत नवतं? आमाले गरिबाचं घर पाह्यजे होतं, गरिबाचं! हे काय करून ठेवलं, लग्नाचा मंडप?"

काका आत निघून गेले. मावशी माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, तिच्याशी भांडता आलं असतं. ती नुसती हिशेब लागत नसल्यासारखी उभी होती. मग म्हणाली, "मंग तू आमच्या घरी काऊन आलती?"

मी कॅमेऱ्याच्या पेट्या उतरवायला लागले.

दुसरं घर शोधायला वेळ नव्हता. शेवटी मीच तोडगा काढला, कारण मी फार हुशार. पुढची भिंत खरवडायची, गुरुवार-शुक्रवार शूटिंग करायचं, आणि शनिवारी आम्ही सगळे मिळून भिंत पहिल्यासारखी रंगवून द्यायची. मावशी म्हणाली, "शब्द देल्ला हाये आमी. करा." बहिणीनं ताट आत ठेवलं आणि घरातली तीन खुरपी आणून दिली. माझ्या हातात खुरपं देताना तिनं हळूच विचारलं, "ताई, रविवारच्या आंदी होईन ना?"

"होईन वो. बिनघोर राह्य."

मग आम्ही खरवडलं. रंग अजून पुरता मुरलाही नव्हता, पापुद्रे सोलल्यासारखे निघत होते. खाली चहाचं उकळलेलं पाणी शिंपडलं, वर चुलीतली काजळी फासली. कलादिग्दर्शन करणारी मुलगी माझ्या फोनमधले जुने फोटो बघून पट्टा काढत होती, आणि चुकत होती. मावशी मागे उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं ती पुढे आली आणि बोटानं दाखवायला लागली, "तितं नाई पोरी. धूर इकडून चढे. अस्सा." तिनं स्वतःच काजळीत हात घातला आणि पट्टा ओढून दिला. हुबेहूब निघाला.

आणि मी काय करत होते? मी माईक लावला होता. छपराच्या पत्र्याला खुरपं लागल्याचा, भिंतीवर खुरप्याचा, पापुद्रा जमिनीवर पडल्याचा, सगळे आवाज जवळून घेतले. फार छान मिळाले. कानाला हेडफोन होते आणि माईक भिंतीकडे वळवलेला होता, त्यामुळे मागे मावशी रडत होती ते मला ऐकू आलं नाही. ते मला आमच्या कॅमेरावाल्यानं जेवताना सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तिला सवय आहे, ती सिरियल बघून पण रडते." सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शुक्रवारी काम संपलं नाही. दिग्दर्शकाला शनिवारी सकाळचं ऊन हवं होतं, मग दुपारची सावली हवी होती. मी एकदा म्हटलं, "भिंत रंगवायची आहे." तो म्हणाला, "तासाभराचं तर काम आहे." मी गप्प बसले. मावशीवर ओरडणारं माझं तोंड त्याच्यापुढे शिवलेलं होतं, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

संध्याकाळी पाच वाजता डब्यात उरलेला रंग घेऊन चौघं भिंतीला भिडलो. ना घासली, ना पुसली. काजळीवरच ब्रश फिरवले. पोपटी रंग काळपट झाला, गुलाबी मळका. चहाचे डाग रंगाखालून वर यायला लागले, तपकिरी, मोठेमोठे. खरवडल्याचे खड्डे तर होतेच. "वाळलं का नीट दिसन," मी बहिणीला म्हटलं. मला माहीत होतं नाही दिसणार. ती म्हणाली, "आमी करून घेऊ ताई, तुमची गाडी चुकन." आम्ही वर्ध्याला जाऊन गाडी पकडली.

रविवारी जामचे पाहुणे आले. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या, भिंतीसमोरच, दुसरीकडे जागाच नाही. मुलाच्या आत्यानं विचारलं म्हणे, "घराले आग लागलती का?" मावशीनं सिनेमाचं सांगितलं. पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. पवनारच्या भाजीवाल्याच्या घरी पुण्याचे सिनेमावाले येतात, घर रंगवलेलं असतं आणि ते खरवडतात, हे कोण खरं मानणार? मी तरी मानलं असतं का?

ती सोयरीक जमली नाही. फिल्मचं मात्र कौतुक झालं, ध्वनीचं जास्तच. खरवडण्याचा आवाज म्हातारीच्या एकटेपणाखाली वापरला होता, आणि सरांनी तो वर्गात दोनदा ऐकवला. मावशीनं माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही. सणाला फोन करते, "जेवली का?" विचारते. घराचा विषय ती काढत नाही आणि मी तर नाहीच.

एक फोन मात्र मी कोणाला सांगितलेला नाही. पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, बहिणीनं केला होता. तेव्हा अजून नकार आला नव्हता. मी स्टुडिओत आवाज लावत बसले होते, आणि मधेच फोन आला म्हणून वैतागलेच होते.

"ताई, एक काम होतं," ती म्हणाली. "सोयरीक आणणारा मदातला माणूस म्हणते, घर रंगवलं होतं तं फोटो दाखवा, मी समजावून सांगतो त्याईले. तुझ्यापाशी असन ना एखांदा? तुमी आलते त्या सकाळचा."

मी फोनमधले फोटो सरकवत गेले. डिसेंबरातली ओल. पोपडे. धुराचा पट्टा, जवळून आणि लांबून. मग फेब्रुवारी: काजळी, खुरपी, डाग, खड्डे. कॅमेऱ्याच्या कार्डावरही सगळं खरवडल्यानंतरचंच. पोपटी-गुलाबी घराचा फोटो आमच्यापैकी एकानंही काढला नव्हता. कोण काढणार? ते घर आम्हाला नकोच होतं.

"नाई वो," मी म्हटलं.

"एक बी नाई?"

"नाई म्हटलं ना."

"आमी नाई काढला. आदल्या दिवशीच तं पुरं झालतं, अन् सकाळी तुमी आले. बाबा म्हणे, एवढा मोठा कॅमेरा येऊन राह्यला, आपल्या फोननं काहाले काढाचा."

मला शरम वाटली. आणि मला शरम वाटली की मी ओरडते, हा माझा स्वभाव आहे. स्टुडिओत बाकीचे ऐकत होते तरी मी ओरडले, "मंग तुमीच काढून ठेवाचा होता ना! सगळं मीच पाहाचं का?"

ती म्हणाली, "हो ताई. आमचंच चुकलं."