बाहेर येऊ नका, हे ऐकायला बाहेर या

"सहा मिनिटं चाळीस सेकंद," रेकॉर्डिंग संपल्यावर मी म्हणालो आणि स्टॉपवॉच नबीलच्या टेबलावर ठेवलं.

"छान झालंय ना?" नबील म्हणाला.

नबील आमच्या कंपनीचा पीआर मॅनेजर. मूळचा बैरूतचा, कपड्यांना कायम कडक इस्त्री आणि उत्साह असा की समोरच्याला धाप लागावी. मी साऊंड टेक्निशियन. सौदीत रास तनुराजवळ आमच्या कंपनीचा कॅम्प होता, म्हणजे कामगारांची आणि आम्हा काही फॅमिलीवाल्यांची पत्र्याच्या पोर्टाकॅबिनची वसाहत. तिथली पीए सिस्टिम माझ्या ताब्यात होती. पीए सिस्टिम म्हणजे एक माइक, एक ॲम्प्लिफायर आणि खांबांवर चढवलेले भोंगे. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात असते तीच, फक्त इथे वायरिंग नीट होतं.

एक्क्याण्णवचा जानेवारी होता. इराकशी युद्ध पेटलं होतं आणि क्षेपणास्त्र येण्याआधी सायरन वाजणार होता. सायरन झाल्यावर लोकांनी घरात जायचं, टेप लावून बंद केलेल्या खोलीत बसायचं, विषारी वायूसाठी दिलेला मास्क चढवायचा. सांगायचं एवढंच होतं, पण नबीलला त्याचा कार्यक्रम करायचा होता.

त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी टिंगटाँग वाजे. मग चेअरमनसाहेबांच्या शुभेच्छा, मग "आपण सारे एक कुटुंब" हे कंपनीचं घोषवाक्य, आणि मग सूचना. हे सगळं अरबी, इंग्रजी, हिंदी आणि फिलिपिनोंची तागालोग अशा चार भाषांत, मागे मंद पियानो. मी नबीलला विचारलं की क्षेपणास्त्राला यायला किती वेळ लागतो याची चौकशी केली आहे का. तो म्हणाला की शुभेच्छा काढता येणार नाहीत, त्या वरून आल्या आहेत.

"क्षेपणास्त्रही वरूनच येणार आहे," मी म्हणालो. तो हसला नाही.

त्याचं पोस्टर तर विचारूच नका. मास्क घातलेलं हसरं कुटुंब त्याला हवं होतं. आता मास्क घातल्यावर हसू दिसणार कसं? मग आर्टिस्टकडून त्यानं मास्कवरच हसू काढून घेतलं. ते पोस्टर मेसच्या दारावर लागलं आणि माझी सात वर्षांची मुलगी मनू दोन दिवस जेवायला आत येईना. शेवटी मेस चालवणाऱ्या हसनचाचांनी, ते श्रीवर्धनचे, पोस्टर उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दिवसाचा मेनू लिहिला. नबीलला वाटलं ते कोणी चोरून नेलं, आणि तो खूश झाला.

हिंदीतला भाग त्यानं माझ्या आवाजात रेकॉर्ड केला. कारण असं की दर शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पच्या मैदानात हाउजी व्हायची आणि आकडे मी पुकारायचो. टपाल आलं, पाण्याचा टँकर आला, मेसमध्ये बिर्याणी तयार आहे, सगळं मीच भोंग्यावरून सांगायचो. "लोकांना तुझा आवाज आवडतो," नबील म्हणाला. मीही फुशारलो. चूक त्या क्षणी झाली आणि ती आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही.

गुरुवारी दुपारी ड्रिल ठेवलं. कंट्रोल रूमला मोठी खिडकी होती, तिथून सगळा कॅम्प दिसायचा. नबील माझ्या मागे कॅमेरा घेऊन उभा होता. मी सायरन दिला. लोक भराभर घरात गेले, दारं लागली, मैदान मोकळं झालं. इतकं झकास ड्रिल मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग टिंगटाँग झालं. अरबी आणि इंग्रजी शुभेच्छा संपल्या आणि माझा आवाज सुरू झाला. "प्यारे साथियों, नमस्कार."

पहिल्या रांगेतलं एक दार उघडलं. मग दुसरं. मग तर दारांची माळच लागली. माणसं अंगणात आली, मान वर करून भोंग्याकडे बघू लागली. दोघांनी खुर्च्या आणल्या. एकाच्या हातात चक्क हाउजीचं तिकीट होतं. हसनचाचा झारा घेऊन बाहेर आले. आणि तिसऱ्या रांगेतून माझी बायको सुलभा आणि तिचा हात धरून मनू, दोघी मास्क डोक्यावर सरकवून निवांत उभ्या राहिल्या.

हे ड्रिल होतं म्हणून ठीक. खरं असतं तर मीच माझ्या माणसांना हाक मारून बाहेर काढलं असतं.

मी रेकॉर्डिंग तोडून माइक उचलला. "अंदर जाइए, सब लोग अंदर जाइए." हे ऐकून जे आत राहिले होते तेही काय झालं ते बघायला बाहेर आले. मी आणखी ओरडलो, तर मागच्या रांगेतले पुढे सरकले. नबील फोटो काढत होता, गर्दी त्याला आवडली होती. शेवटी वैतागून मी ॲम्प्लिफायरचं मेन स्विच ओढलं. भोंगे गप्प झाले. लोक थोडा वेळ वाट बघत थांबले आणि कुरकुरत आपापल्या घरात गेले.

घरी गेल्या गेल्या मी सुलभाला विचारलं, "तू बाहेर का आलीस?"

"तुम्ही बोलत होतात. खिडक्यांना टेप लावलेली, आत काही धड ऐकू येईना. म्हणून ऐकायला आले."

"अगं, मी बाहेर येऊ नका असंच सांगत होतो."

"ते बाहेर आल्यावर कळलं ना."

मी हसत सुटलो. तीही हसली. मनू म्हणाली, "पापा, यू ऑलवेज कॉल अस आउट," आणि पुन्हा चित्र रंगवायला बसली. मग मात्र मी हसायचा थांबलो.

शनिवारी कॅम्प मॅनेजर अबू फहदनं आम्हा दोघांना बोलावलं. अबू फहद मोजकं बोलणारा माणूस. नबीलचं म्हणणं होतं की आवाज कमी पडला, भोंगे दुप्पट करू आणि पियानो थोडा वाढवू. मी म्हणालो, भोंगा हा इथे लोकांना बाहेर बोलावण्यासाठीच वापरलाय. आता त्यानंच आत जा म्हणून सांगितलं तर लोकांचे पाय ऐकणार नाहीत. तेव्हा सायरन वाजला की आत, आणि त्यानंतर मी एक अक्षर बोलणार नाही. धोका टळला की मगच बोलेन, आणि माझा आवाज आला म्हणजे बाहेर या. हे आम्ही दिवसाढवळ्या दारोदार जाऊन सांगू.

"आणि चेअरमनच्या शुभेच्छा?" नबील अगदी रडकुंडीला आला.

अबू फहदनं त्याच्याकडे पाहिलं. "नंतर. सगळे जिवंत राहिले की ऐकतील. खलास."

तीन दिवस मी, हसनचाचा आणि नबील घरोघर फिरलो. नबील चांगला माणूस होता, मान्य करायला हवं. प्रत्येक दारात तो हातवारे करून सायरनचा आवाज काढायचा आणि मुलं त्याच्या मागून फिरायची.

पुढच्या आठवड्यात, संध्याकाळी पोरं मैदानात खेळत असताना, खरा सायरन झाला. मी कंट्रोल रूममध्ये होतो. मनूला सुलभा ओढत घरात नेताना दिसली. दार लागलं. मी माइकसमोर बसलो आणि हात मांडीखाली दाबून धरले. माझी माणसं त्या पत्र्याच्या खोलीत होती आणि त्यांना घाबरू नका एवढंही सांगता येत नव्हतं. इतकं अवघड काम मी त्या नोकरीत दुसरं केलं नाही. फोन वाजला. नबील होता. "काहीतरी बोल, लोक घाबरले असतील," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज कापत होता. मी त्याला धीर दिला, पण माइकला हात लावला नाही.

दूर कुठेतरी धप्प झालं आणि खिडकीची काच थरथरली. एकही दार उघडलं नाही. मी रांगा मोजत बसलो, पहिली, दुसरी, तिसरी.

बऱ्याच वेळानं धोका टळल्याचा निरोप आला. मी माइक चालू केला. "साथियों," एवढंच म्हणालो. सगळी दारं एकदम उघडली. तिसऱ्या रांगेतून मनू बाहेर आली, मास्क तसाच तोंडावर, आणि भोंग्याकडे बघून तिनं जोरात हात हलवला. मी रडलो आणि हसलो, नक्की काय आधी ते आठवत नाही. तेवढ्यात धावत येऊन पोचलेल्या नबीलनं शुभेच्छांची टेप लावली आणि चारही भाषांतला पियानो सगळ्यांनी उभ्यानं सोसला, कारण एकमेकांना मिठ्या मारण्यात कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

युद्ध संपल्यावर कंपनीनं मला प्रशस्तिपत्रक दिलं. त्यावर लिहिलं होतं: उत्कृष्ट संवादकौशल्याबद्दल. एकतीस वर्षं आवाजाच्या धंद्यात काढली, बक्षीस एकदाच मिळालं आणि तेही तोंड बंद ठेवल्याबद्दल. नवीन पोरं शिकायला येतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो की माइक हातात घेण्याआधी ऐकणारा कुठे उभा आहे ते बघा, आणि तो बरोबर जागी असेल तर गप्प बसा.