आधी वाचन, मग पिठाचा डबा

उस्मानपुऱ्यात आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच पातळ भिंत होती. पलीकडची बाई चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला. रोज सकाळी ती मोठ्यानं बायबल वाचायची, पुस्तक कपाळाला लावायची आणि मगच पिठाचा डबा उघडायची. पीठ आणायची ते एका दिवसापुरतं. "उद्याचं तो बघंल की," म्हणायची. मला तिच्या या भरवशाची भीतीच वाटायची.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं, संचारबंदी लागली, पिठाच्या गिरण्या बंद झाल्या. माझ्या पलंगाखाली पीठ भरलेली पेटी होती. धूर दिसला तर कुणी मागायला येईल, म्हणून मी चूलच पेटवली नाही. फुटाण्यांवर भागवलं.

तिसऱ्या सकाळी तिचं वाचन अडखळलं. एकच ओळ तिनं तीनदा वाचली. मग एका दिवसाचं पीठ तीन दिवस पुरवलेला तो डबा खरवडल्याचं ऐकू आलं. आता ही माझ्याच दाराशी येणार.

ती आलीच. हातात अर्धी भाकर होती.

"दोन दिस तुमची चूल पेटली नाय, भाऊ. घ्या. देतो बघा तो."

नको म्हटलं असतं, तर पेटीचं सांगावं लागलं असतं. मी ती भाकर तिच्यादेखत खाल्ली.