उसाचं माप

आमच्या मागच्या खोलीची खिडकी गवंड्याच्या आणि माझ्या नवऱ्याच्या एकमताने झालेली आहे. त्या दोघांचं एकमत झालं की मी हात टेकते. एका बाजूला सिमेंटचा कॉलम, दुसऱ्या बाजूला न्हाणीघराची भिंत, मधे जेमतेम दोन हात जागा उरली, तर तिथं यांनी खिडकी बसवून टाकली, आणि तीही पूर्वेला. हवा येईल म्हणाले. हवा काही आली नाही. ऊन मात्र रोज सकाळी न चुकता येतं.

इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या खोलीत धान्याची पोती असायची. गेल्या हिवाळ्यात माझे वडील, म्हणजे तात्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इंदापूरकडच्या आमच्या गावाहून बारामतीला आले, तेव्हा पोती जिन्याखाली गेली आणि खिडकीखाली कॉट आली.

"आठ दिसांत जातो," तात्यांनी दारातच सांगून टाकलं. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत. भाकरी स्वतः थापत, आणि ती कशी होत असेल याची मला कल्पना आहे. मला ते कायमचे इथं हवे होते. पण लेकीच्या घरी बापानं राहायचं नसतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं ते यायचे, चहा घ्यायचे आणि उभ्याउभ्याच एसटीची वेळ विचारायचे. याही खेपेला मी कपाटातला एक खण रिकामा करून दिला होता. तात्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. गावाहून आणलेली बाभळीची खुंटी उशाजवळच्या भिंतीत ठोकली आणि कपड्यांची पिशवी तिला अडकवली. सदरा धुतला, वाळला की घडी करून पुन्हा पिशवीत. चष्म्याची डबीसुद्धा पिशवीतच. कधीही उठून चालू लागता यावं अशी ती भरलेली पिशवी दिसली की माझं डोकं फिरायचं.

ऑपरेशन चांगलं झालं, पण सकाळी ऊन थेट त्याच डोळ्यावर. कॉट दुसऱ्या कुठल्या बाजूने बसेना. तात्या काळा चष्मा लावून झोपू लागले. मी टाचण्यांनी टॉवेल लावला, तो त्यांच्या चहात पडला. शेवटी एका रविवारी आमचे हे पडद्याचा दांडा बसवायला कुणाचं तरी ड्रिल मशीन घेऊन आले. पाऊण तासात कॉलमला सुपारीएवढा खड्डा पडला आणि सगळ्या घरात पिठाची गिरणी चालल्यासारखं झालं.

"पाव्हणं, ऱ्हाऊ द्या," तात्या कॉटवरून म्हणाले. "दाराला अडसर घालतो तसा भितीत आन् कॉलमात दांडा दाबून बशीवला की झालं. भोक कशाला पायजे?"

मग माप कोण घेणार, यावरून वाद. टेपवरचे बारीक आकडे तात्यांना अजून दिसत नव्हते, आणि मी वाचलेल्या आकड्यावर त्यांचा भरवसा नव्हता. गावाहून येताना ते उसाची मोळी घेऊन आले होते, तिच्यातला एक सरळसा ऊस त्यांनी काढला. भिंत आणि कॉलम यांच्या मधे धरायचा, बोटांनी चाचपायचा, कोयत्याने जरासा छाटायचा, पुन्हा धरायचा. असं करता करता तो ऊस त्या जागेत असा घट्ट बसला की हलवून हलेना.

"ह्याच्याबरूबर दांड्याला लोखंडी पाइप कापून आन," त्यांनी बजावलं. "एक सूतबी कमी नगं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऊस घेऊन स्कूटीवरून पाइपच्या दुकानात गेले. तिथं ही गर्दी. दुकानदार कुणासाठी तरी ठिबकच्या नळीचे तुकडे मोजत बसला होता, त्याचं संपेपर्यंत मी पायरीवर बसून राहिले. अखेर त्याने उसाला पाइप लावला, खूण केली, कापून दिला. पाइप आणि ऊस दोन्ही घेऊन मी घरी आले.

तात्यांनी पाइप खिडकीला धरला. तो चार बोटं कमी पडला.

त्यांनी उलटा करून धरला. उलटा केल्याने पाइप थोडाच वाढतो! मग ते हळूच कॉटवर बसले. त्यांचा इतका पडलेला चेहरा मी आई गेली तेव्हाच पाहिला होता.

"माझाच हात चुकला," ते म्हणाले. "डोळं गेलं, आता हातबी गेलं. तुमच्यात बसून उगी वझं कशाला? उद्याच्या गाडीनं जातो मी." आणि त्यांनी पिशवीची नाडी ओढून बघितली.

दुकानदाराला शिव्या द्यायच्या म्हणून मी उसाला पाइप लावून पाहिला. दोन्ही अगदी बरोबर. मग उसाची टोकं पाहिली. एक टोक कोयत्याने छाटलेलं, गुळगुळीत. दुसरं मोडलेलं, चिपाडं लोंबत असलेलं. पायरीवर बसले असताना मी काय केलं होतं, ते तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. हातात ऊस आणि समोर नुसतं बसून राहणं! लहानपणापासूनची सवय. पायरीच्या कडेवर आपटून एक कांडं कधी मोडलं, कधी सोललं, कधी खाल्लं, मला कळलंही नव्हतं.

दुकानदारावर ढकलून द्यावं असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण तात्यांची बोटं अजून नाडीवरच होती.

"तात्या, तुमचं माप बरोबर होतं," मी म्हटलं. "मी खाल्लं ते."

"काय खाल्लंस?"

"माप."

त्यांनी ऊस हातात घेतला, मोडक्या टोकावरून अंगठा फिरवला.

"बुडख्याकडचं कांडं खाल्लंस व्हय गं?"

"हो."

"ग्वाड लागलं?"

"लई."

मग ते जे हसायला लागले ते थांबेचनात. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी आलं, आणि पुसू नका, डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून मी ओरडू लागले, तर त्यांना आणखीच हसू.

उद्या नवीन पाइप आणते म्हटलं, तर म्हणाले, "चांगला पाइप वाया का घालवायचा? चार बोटं लाकूड पायजे. वाळल्यालं, चिवाट." मी मोडकं लाटणं आणलं, ते नको. झाडूचा दांडा आणला, तो पोकळ. तात्या खोलीभर बघत होते, आणि बघता बघता त्यांची नजर खुंटीवर गेली.

ते उठले. पिशवी काढून क्षणभर हातात धरली आणि माझ्याकडे दिली. "हे धर."

खुंटी हलवून हलवून उपटली. पाइपाच्या टोकात घट्ट शिरेल एवढी एका बाजूने तासली, दोन्हीकडे जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे लावले आणि दोन ठोक्यांत दांडा बसवला. "पाव्हणं, लोंबकाळून बगा," म्हणाले. आमचे हे खरंच लोंबकळले. दांडा तसूभर हलला नाही. जुन्या चादरीचा पडदा लावला आणि खोलीत छान सावली झाली.

मी अजून पिशवी पोटाशी धरून उभीच होते. काही बोलले तर बेत बदलायचा, म्हणून तोंड मिटून.

"उबी का?" तात्या म्हणाले. "खन रिकामा हाय न्हवं?"

मी सदरे लावले, धोतरं लावली. चष्म्याची डबी त्यांनी स्वतः ठेवली. आणि भिंतीतलं खुंटीचं भोक मी त्याच संध्याकाळी सिमेंट कालवून बुजवून टाकलं, त्यांचं मन फिरायच्या आत.