शेपटीवाला कॅमेरा

माझ्या मोबाइलमध्ये उडतानाचे शेकडो फोटो होते आणि त्यांतल्या एकातही मी धड नव्हतो. बरीच वर्षं मी कोकणातल्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना पॅरामोटरवर बसवून फिरवत असे. डोक्यावर पॅराशूटसारखं लांबरुंद कापड, त्याला आम्ही विंग म्हणतो. मागे इंजिन आणि त्याचा पंखा. पुढच्या खुर्चीत पर्यटक आणि त्याच्या पाठीशी चिकटून मी. फोटो त्यांचे निघायचे. त्यात माझी हनुवटी यायची, हेल्मेटची कड यायची, फार तर एखादा हातमोजा.

ते काम बंद पडलं तेव्हा एकट्याला उडता येईल असं एक जुनं मशीन घेऊन मी सोनाळ्याजवळच्या आमच्या गावात परत आलो. आई तोवर गेली होती. ती असताना पहाटे घरात बुद्धवंदना ऐकू यायची. आता सकाळी फक्त नळाचा आवाज येतो. लग्न काही जमलं नाही. "हवेत उडनाऱ्याले कोन पोरगी देईन?" असं एका मावशीनं माझ्यासमोरच विचारलं होतं. दिवसभर मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा मशीन पाठीवर बांधून सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागांवरून एक चक्कर मारून येतो. कधी एखाद्या मिरवणुकीवर वरून फुलं टाकायचं काम मिळतं.

अशाच एका कामासाठी कोणीतरी फोनवर म्हणालं, "तुमचा उडतानाचा व्हिडिओ पाठवा." मी फोन चाळत बसलो. सगळे दुसऱ्यांचेच चेहरे, हसणारे, किंचाळणारे, डोळे मिटलेले. माझ्यासोबत उडून माझा व्हिडिओ काढील असं या तालुक्यात कोणी नव्हतं. म्हणून मग माझ्या मागे मागे येईल असा कॅमेरा आपणच करायचा, असं ठरवलं.

त्याची रीत मला ऐकून माहीत होती. कॅमेरा एका हलक्या नळीच्या तोंडावर बसवायचा, नळीच्या दुसऱ्या टोकाला शेपटी लावायची आणि ते सगळं दोरीनं विंगच्या मागच्या कडेला मधोमध बांधायचं. वारा शेपटीला मागे ओढतो, त्यामुळे कॅमेऱ्याचं तोंड आपोआप पुढे, म्हणजे उडणाऱ्याकडे राहतं. मी वायरिंगची प्लास्टिकची पाइप घेतली. जुना कॅमेरा थर्माकोलमध्ये खाच करून बसवला आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. प्रचाराच्या फलकाचा पोकळ प्लास्टिकचा पत्रा गावात कुठेही पडलेला असतो; त्याची चार पानं कापून शेपटी केली. कोणाच्या तरी जोडलेल्या हातांचा अर्धा फोटो तिच्यावर तसाच राहिला.

खरी भीती पंख्याची होती. दोरी पंख्यात गेली तर खेळ खलास. म्हणून विंगच्या दोऱ्या अंगणात ताणून मोजमाप घेतलं, आणि कॅमेरा सरळ खाली लोंबला तरी पंख्याच्या जाळीपासून हातभर वरच राहील इतकीच दोरी ठेवली. गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. एरवी अशा वेळी दुसऱ्या माणसाला "तूही एकदा बघ" म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पडीक वावरात विंग पसरली. कॅमेरा धरून उभं राहायला कोणी नव्हतं, तो धसकटात अडकू नये म्हणून त्याच्याखाली पोतं अंथरलं. धावलो, विंग डोक्यावर आली, पाठीमागे बारीकसा हिसका बसला आणि पाय सुटले. मान वळवून कॅमेरा काही दिसेना. पण खाली जमिनीवर माझी सावली पळत होती आणि तिच्या मागे एक ठिपका. मला फार बरं वाटलं. त्या सकाळी मी मुद्दाम खालून, झाडांच्या शेंड्यांच्या थोडंच वरून उडलो.

घरी येऊन व्हिडिओ लावला तर एकही चित्र स्थिर नव्हतं. शेपटी तिरपी चिकटली होती, त्यामुळे कॅमेरा सगळा वेळ भोवऱ्यासारखा फिरत होता. आभाळ, माझी पाठ, डोंगर, बाग, मागचं वावर, पुन्हा आभाळ. पुसून टाकणार होतो. तरी एकदा अगदी हळू करून पाहिला, आणि मागचं वावर आलं तेव्हा एका गोठ्याशेजारी माणूस दिसला. दोन्ही हात वर. एका हातात पांढरं उपरणं. पुढच्या गिरकीत पुन्हा तोच, थोडा लहान झालेला, अजून उपरणं हलवतोय. त्याच्या पुढच्या गिरकीतही.

मी ते किती वेळा पाहिलं कोण जाणे. अख्खा हिवाळा मी त्याच वाटेनं जात होतो. म्हणजे मी पुढे निघून गेल्यावर हा माणूस रोज असा हात हलवत असेल? आणि मला पत्ताच नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मोटरसायकलनं निघालो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. गोठा सापडायला वेळ लागला, जमिनीवरून सगळं वेगळंच दिसतं. म्हातारा बारीक अंगाचा होता, म्हशीपुढे कडबा टाकत होता.

"कोन पायजे?"

"बाबा, मी तो... वरून जातो तो. मशीनवाला."

त्यानं कडबा खाली ठेवला. "तू व्हय तो?"

"हाव. काल तुमी हात हलवत होते ना? मले मंग व्हिडिओत दिसलं, म्हणून म्हटलं भेटून यावं."

"हात हलवत होतो?" तो जवळ आला. "हाकलत होतो तुले! कवापासून हाकलून राह्यलो. दिसत नाई काय बे तुले?"

"मांगचं दिसत नाई, बाबा."

"माही म्हैस गाभण हाय. तुही फटफटी आली का दावं तोडते. परवा खुटाच उपटला तिनं. पोटातल्याले काई झालं त कोन भरून देईन?"

वाटेत जुळवलेल्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं. "चुकलं," एवढंच म्हणालो आणि गाडीकडे वळलो.

"आता आलाच हायेस त चहा घे," तो मागून म्हणाला. "कोरा घ्या लागन. म्हैस आटली हाय."

बायको गेल्यापासून तो शेतातच राहत होता. एकच मुलगी, ती मेहकरला दिलेली. चहा पिताना त्यानंच विचारलं, "त्या व्हिडिओत मी दिसतो म्हन्तं? दाखव बरं."

मी हळू करून दाखवला. त्यानं फोन डोळ्यांशी नेला. स्वतःला ओळखायला त्याला वेळ लागला. गोठा आधी ओळखला, मग म्हैस, मग उपरणं. "थांबव, थांबव."

"इथं दुसरं कोनीच नाई दिसत," तो म्हणाला.

"नाई."

"मले वाटे, आजूबाजूले असतीन लोकं. आवाज त येतेत." त्यानं फोन परत दिला. "वरतून पाह्यलं त एकटाच हावो मी."

मी कप विसळून पालथा घातला. म्हैस व्यायची आहे तोवर नाल्याच्या पलीकडून, पडिकावरून जायचं, असं ठरलं. त्यानं माझा नंबर घेतला.

मग कॅमेरा सुधारायला बसलो. शेपटीची पानं मोठी कापली, पाइपवर सरळ रेघ मारून तिच्यावर बसवली. दोरीला पीळ पडू नये म्हणून मध्ये मासे धरायच्या गळाची भिंगरी घातली. या वेळी कॅमेरा शांत उभा राहिला. नाल्याच्या पलीकडून लांब चक्कर मारून आलो आणि अंगणात हेल्मेटही न काढता फोन उघडला.

पहिल्यांदाच मी मला उडताना पाहत होतो. मोठं निळं आभाळ, आणि मधे खुर्चीत बसलेला एक माणूस. तो अधूनमधून पुढे वाकत होता. डावीकडे मान कलती करायचा, थोडा वेळ तसाच राहायचा, पुन्हा सरळ व्हायचा. आधी वाटलं, मान अवघडली असेल. मग कळलं. इंजिनच्या आवाजात पुढच्या पर्यटकाला ऐकू जावं म्हणून मी तसाच त्याच्या कानाशी वाकत असे. "घाबरू नका, पाय सैल सोडा, खाली नका बघू, समोर बघा." कोकण सुटून किती काळ झाला, पुढची खुर्ची उरली नाही, तरी मी वाकतच होतो. तोंडानं काही बोलत होतो की काय, ते मागच्या कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

तो व्हिडिओ मी फुलांच्या कामासाठी पाठवून दिला. "छान आलाय," असं उत्तर आलं. काम दुसऱ्याला गेलं.

काही दिवसांनी म्हाताऱ्याचा फोन आला. "वगार झाली. ये चिक खाले. पन मशीन नको आनू, गाडीनं ये." चिकाचा खरवस त्यानं गूळ घालून केला होता. दोघांनी परातीतूनच खाल्ला. म्हशीजवळ इवलीशी वगार पाय थरथरवत उभी होती. त्यानंतर मी कधीमधी कामाच्या वाटेनं त्याच्याकडे डोकावायचो. फार बोलणं होत नसे. तो विचारायचा, "आज उडला व्हता काय?" मी हाव म्हणायचो.

उन्हाळ्यात त्याचे गुडघे गेले. मुलगी येऊन घेऊन गेली. म्हैस आणि वगार शेजारच्या वावरवाल्याकडे गेल्या.

पावसाळ्यानंतर एकदा पंपाचे सुटे भाग आणायला मेहकरला गेलो, तेव्हा पत्ता विचारत त्याच्याकडे गेलो. गच्चीवर खाट टाकून बसला होता. मला पाहून त्यानं मुलीला हाक मारली, "अवं, हा पाह्य, वरतून जाते तो." मुलगी हसली आणि चहा ठेवायला खाली गेली. दुधाचा चहा होता.

"इथून कधी जाशीन का?" त्यानं विचारलं. "मी इथंच असतो बसून."

"वस्ती हाये ना बाबा. तारा हायेत. इथं नाई उडता येत."

"ल्हान चक्कर बी नाई?"

"नाई."

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

खाली रस्त्यावर एसटी हॉर्न वाजवत होती. तो खाटेवर थोडा सरकला, मी शेजारी बसलो. परतीच्या गाडीला अजून बराच अवकाश होता.