बॅटरी लावून तपासलेलं दूध

दुष्काळाचं दुसरं साल होतं. मी औरंगाबादेत भौतिकशास्त्र शिकत होतो, आणि सुट्टीला नळदुर्गाजवळच्या आमच्या गावी आलो की चार लोकांना अक्कल शिकवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे.

त्या वर्षी कॉलेजातल्या सरांनी बिनआरशाच्या लेसरचं खूळ डोक्यात भरवलं होतं. नेहमीच्या लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांमध्ये येरझाऱ्या घालून वाढतो. सरांचं म्हणणं, आरसे हवेत कशाला? प्रकाश वाढवणारी भुकटी घ्या. कणाकणाला धडकत तो आत भटकेल, आणि जितका भटकेल तितका वाढेल. एकट्या किरणाची वाट कुणालाच सांगता येत नाही, पण लाखो किरणांची सरासरी चोख निघते. ही सरासरी मला चढली होती.

गावात नवी दूध सोसायटी निघाली होती. दुधातही प्रकाश लोण्याच्या कणांना धडकत भटकतो, म्हणून तर ते पांढरं दिसतं. मी सेक्रेटरींना सांगितलं, ग्लासामागं बॅटरी लावा. घट्ट दूध उजेड अडवतं, पाणचट दूध सोडतं. दुधातलं पाणी ओळखायचा त्यांचा लॅक्टोमीटर फुटलेला, त्यामुळं त्यांना हे लई पसंत पडलं.

पहिल्याच दिवशी एक ग्लास कंदिलासारखा उजळला. "ह्यात पाणी आहे," मी म्हणालो. दूध माझ्या सख्ख्या चुलतीचं. काका वारलेले, घर एका म्हशीवर चाललेलं. सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत बजावलं की, उद्याही असंच निघालं तर नाव कमी करू. मी बॅटरी खिशात घालून पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी म्हैस आणि रेडकू घेऊन सोसायटीच्या दारात हजर. रेडकाला जरा तोंड लावू दिलं, मग साऱ्या गावासमोर धार काढली. मी बॅटरी लावली, तर ग्लास कालच्यासारखाच लख्ख. आता म्हशीनंच पाणी घातलं म्हणायची पाळी आली. लोक दुधाचं सोडून माझ्याकडं बघायला लागले.

काकींनी रेडकू पुन्हा सोडलं. ते कासेला झोंबलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की कास पुरती पिळलेलीच नाही. मी विचारलं, "काकी, एवढं दूध का ठेवलं तुम्ही?"

"शेवटची धार लई दाट असती. ती ह्याची. वैरण न्हाय, पेंड न्हाय, ह्यानं जगायचं कशावर?"

म्हणजे माझं शास्त्र बरोबरच होतं. दुधात कण कमीच होते, कारण ते रोज रेडकाच्या पोटात जात होते. सेक्रेटरींनी दूध मापून घेतलं आणि काकींचं नाव राहील असं मोठ्यानं सांगितलं. मला हायसं वाटलं. वाटलं, सुटलो.

काकी दावं आवरत माझ्याजवळ आल्या.

"तुझ्या बॅटरीला दूध पातळ दिसलं, व्हय ना? मग पाणी कुणाला दिसलं?"

"मला," मी म्हणालो.