टॉमसगंजची पाटी

शेजारच्या फाटकाला रंग लावताहेत. टर्पेंटाइनचा वास खिडकीतून आत आला आणि मी थेट टॉमसगंजच्या फाट्यावर जाऊन पोचले.

टॉमसगंज म्हणजे आमचं गाव. कुण्या गोऱ्या साहेबानं इथे कापसाचा बाजार वसवला, म्हणून त्याचं नाव. पुढे ते बदलून एका पुढाऱ्याचं ठेवलं. बाबा पाट्या रंगवायचे, त्यामुळे जुनं नाव पुसायचं काम त्यांच्याकडेच आलं. भर उन्हात ते शिडीवर होते, आई खाली रंगाचा डबा धरून उभी होती आणि मी तिच्या सावलीत बसले होते.

टॉमसगंज पांढऱ्या रंगाखाली गेलं तशी आई म्हणाली, "गावाले इचारलं काय कोणी?"

"गावाले काय इचारा लागते?" बाबा हसले.

"मले बी नोतं इचारलं. तांदळात आंगठीनं लिहून मोकळे झाले तुमी."

बाबांचा ब्रश थांबला. "काय होतं बरं तुह्यं पहिलं नाव?"

आईनं फक्त डबा वर केला. मला तेव्हा बाबांच्या विसरभोळेपणाचं हसू आलं होतं.

तिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. आता आई-बाबाही नाहीत, आणि मीही तिला कधी विचारलं नाही.

परवा बसमधून ती पाटी दिसली. वरचा रंग उडालाय आणि खालून टॉमसगंज पुन्हा वाचता येतंय.